मानकोलीच्या हळदीतलं पिंप

राघोच्या दुकानात पाय टाकणाऱ्याला तो ‘या, बसा’ कधी म्हणत नसे. ‘हात धुवा’ म्हणत असे. भिवंडीत धामणकर नाक्यावर, कापडाच्या लूमच्या दोन कारखान्यांच्या मध्ये चिमटल्यासारखी त्याची एक खोली होती. सोडा-लिंबूच्या गाड्यांची मशिनं, गॅसच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह, गळके नळ तो दुरुस्त करायचा. दारातच बादली आणि लाल साबणाची वडी ठेवलेली. गिऱ्हाईक कुरकुरलं की राघो पाना खाली ठेवायचा आणि सरळ दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवायचा. त्याच्या तोंडाला लागायला नाक्यावर कोणी धजत नसे, आणि तोही कोणाशी गोड बोलून दमलाय असं कोणी पाहिलं नव्हतं.

ही खोड त्याला लागली ती बिअरच्या कारखान्यात. दिघाशीच्या बौद्धवाड्यातून उठून तो ठाण्याकडच्या एका कारखान्यात कामाला लागला होता. बिअर भरायची स्टीलची पिंपं धुणं आणि त्यांचे व्हॉल्व्ह बसवणं हे त्याचं काम. एका नळीत बोटभर घाण राहिली की सगळं पिंप आंबतं, हे त्याने तिथे डोळ्यांनी पाहिलं. पुढे चौऱ्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं आणि यंत्रं भंगारात निघाली. राघोने नाक्यावर दुकान टाकलं आणि भंगारवाल्याशी कचाकचा भांडून एक पिंप तिथे आणलं. त्याला प्रेशरचा काटा बसवला. वरती सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. कुकरची शिट्टी करते तेच काम हा व्हॉल्व्ह करतो. आत गॅस फार झाला की स्वतःहून फुसफुसतो, नाहीतर पिंप फुटून माणसं मरतील.

मग तो दुकानातच बिअर करू लागला. जव भिजवून मोड आणायचे, भाजायचे, भरडायचे, उकळायचे. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं जुन्या ओळखीतून मिळायची, खमीर बेकरीतून. पिंपाच्या तोंडाला रबरी बूच आणि बुचातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली, म्हणजे आतला वायू बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. भिवंडीच्या उन्हाळ्यात पिंप थंड राहावं म्हणून भोवती ओली गोणपाटं. आणि लूममधून उडणारा कापूस तर नाक्यावर श्वासातही जातो, म्हणून हे सगळं दार लावून, घामाघूम होत.

स्वतः तो थेंबही पीत नसे. जिभेला लावायचा आणि थुंकायचा. तरी वाड्यातल्या लोकांनी त्याला सोडलं नाही. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, मद्य न पिण्याच्या शपथेला, राघोला नेमका खोकला कसा येतो, असं तरुण पोरं तोंडावर विचारायची. त्याची बायको कलावती तर त्या पिंपाला सवत म्हणायची. ती नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती, आणि नवऱ्याने बाबासाहेबांची लाज घालवली हे ती त्याला जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर ऐकवायची. राघो ऐकून घ्यायचा नाही. तोही तितक्याच जोरात ओरडायचा.

एक्याण्णवच्या वैशाखात मानकोलीच्या पाटलांचा केसरीनाथ त्याच्या दुकानात आला. शेतजमीन गोडाऊनवाल्यांना विकून हा नुकता शेठ झालेला. गळ्यात जाड साखळी, अंगावर अत्तर. थोरल्या मुलाची हळद होती आणि हळदीला बाटलीतली बिअर सगळेच पाजतात, याला नळातून फेसाळत येणारी हवी होती, मुंबईच्या हॉटेलात मिळते तशी. हात धुवा म्हटल्यावर तो हसला आणि न धुताच खुर्चीवर बसला.

राघोने साफ नकार दिला. केसरीनाथच्या घराण्याशी त्याचं जुनं वाकडं होतं. राघोचा बाप जानू त्यांच्याच खळ्यावर राबायचा, आणि तहान लागली की अंगणाबाहेर ओंजळ धरून उभा राहायचा. घरातली बाई वरून पाणी ओतायची. ओंजळीला तांब्या लागू नये म्हणून इतकं उंचावरून, की निम्मं पाणी जानूच्या कोपरांवरून खाली जायचं. लहानपणी राघोने ते बापाच्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं.

पण जाता जाता केसरीनाथ म्हणाला की सगळा तालुका येणार आहे, मंडपाच्या मधोमध पिंप ठेवू, आणि नळावर तूच उभा राहा. ते शब्द राघोच्या डोक्यात शिरले ते निघेचनात. जानूच्या पोराच्या हातचं सगळी पाटील मंडळी पिणार, तेही चार लोकांत, ग्लास पुढे करून. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप धाडला की येतो.

कलावतीने ऐकलं आणि भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, “ते दारू पितील. तुज्या हातचं न्हाय पिनार.”

राघो तिच्यावर खेकसला आणि कामाला लागला. नाक्यावर पोलिसांची भीती होती, म्हणून पिंप केसरीनाथच्या घरामागच्या खोलीत लावायचं ठरलं. राघोने ती खोली चुन्याने रंगवली. पिंप उकळत्या पाण्याने धुतलं, नळी धुतली, बूच उकळलं. रस थंड करून भरला, खमीर टाकलं आणि केसरीनाथला बजावलं, बुचाला कोणी हात लावायचा नाही, घरातल्या माणसानेही नाही. केसरीनाथला ते बोलणं झोंबलं. माझ्याच घरात मला शिवू नको म्हणतोस का, असं त्याने विचारलं. राघो म्हणाला, होय, तेच म्हणतोय. हे वाक्य बोलताना त्याला जे सुख झालं ते त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

बुडबुडे थांबल्यावर त्याने येऊन बूच काढलं, झाकण घट्ट बसवलं आणि पिंप गॅस धरायला ठेवून दिलं. त्या दिवशी वास जरा वेगळा वाटला. उन्हाळा आहे, असं त्याने मनाला सांगितलं. इथेच तो चुकला, कारण एरवी नाकाला खटकलेली गोष्ट त्याने कधी सोडली नव्हती.

हळदीच्या संध्याकाळी तो धुतलेला पांढरा शर्ट घालून मानकोलीला पोचला. मंडपात बेंजो वाजत होता, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, आणि मधोमध ठेवलेलं पिंप फुसफुसत होतं. सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडला होता. राघोने आधी काटा पाहिला. तो लाल रेघेच्या पलीकडे गेलेला. पिंपात बेकरीच्या खमिराशिवाय दुसरं काहीतरी वाढत होतं, आणि ते काय हे त्याला कळेना. तो ‘मागे व्हा’ म्हणून ओरडायच्या आत केसरीनाथने स्वतः नळ फिरवून पाहुण्यांचे ग्लास भरायला सुरुवातही केली होती.

पहिल्या माणसाने घोट घेतला आणि तिथेच थुंकला. दुसऱ्यानेही तसंच केलं. आंबट, चिकट, तारा सुटलेली ती बिअर नव्हतीच. मंडपभर हसू पसरलं. कोणीतरी म्हणालं, यांच्या हातचं असंच असायचं. केसरीनाथला आपली फजिती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आयती संधी मिळाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो बोलला, “राघ्या, तुजे हात घानेरडे. सगल्यांना हात धुवायला सांगतोस आनि सोता काय केलंस?”

राघोला सगळं चाललं असतं. शिव्या चालल्या असत्या, मारही चालला असता. हे मात्र चालणार नव्हतं. या एका गोष्टीवर तो उभा होता. त्याने नळ हातात घेतला. धार अडखळत होती, म्हणून त्याने नळ बंद करून पुढची तोटी काढली, तर तिच्या तोंडाशी काळं पडलेलं, बुळबुळीत पान अडकलेलं. त्याने ते बोटावर घेतलं, चुरगाळून हुंगलं. तुळस होती.

“ह्यात तुलस कोनी टाकली?” त्याने विचारलं.

केसरीनाथ उगाच काहीतरी बोलू नको म्हणाला. तुळस वाऱ्याने पडली असेल, तू आपलं पाप झाकू नको. राघो हलला नाही. बंद पिंपात वाऱ्याने पान पडत नाही, कोणीतरी बूच काढलंय, त्याचं नाव सांगा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. केसरीनाथची पोरं त्याला बाहेर काढायला पुढे झाली. त्यांनी त्याच्या शर्टाला धरलंही.

तेवढ्यात सीताबाई उठली. केसरीनाथची आई. जानूला उंचावरून पाणी घालणारी बाई हीच. आता कमरेत वाकलेली, पण आवाज तसाच खणखणीत. तिला लपवण्यासारखं काही केलंय असं वाटतच नव्हतं.

“मी टाकली,” ती म्हणाली. “बूच कारून तुलशीचं पानी आनि गोमूत्र घातलं. नातवाची हलद हाय. सुद्ध नको करायला?”

केसरीनाथने आईला गप्प बसायला सांगितलं. बेंजोवाल्यांनी हात थांबवले होते. गोमूत्र घातलेली बिअर नुकतीच जिभेला लावलेले पाहुणे एकमेकांची तोंडं बघू लागले. राघोने शर्ट सोडवून घेतला आणि तो म्हातारीच्या समोर जाऊन उभा राहिला.

“सीताबाय, एवढंच सांग. तू घालायच्या आधी ते साफ होतं का न्हाय?”

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वेड्याला समजावून सांगावं तशी ती बोलली.

“साफच होतं रं. तुजा बापूस पन साफ होता. साफ असून काय उपेग? तुज्या हातचं होतं ना.”

जे हवं होतं ते राघोला मिळालं होतं. त्याची बिअर स्वच्छ होती, आणि हे सगळ्या तालुक्यासमोर पाटलीणबाईच्या तोंडून निघालं होतं. ते असं ऐकायला मिळेल हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

मग तो पिंपाकडे वळला. संतापातही त्याने घाई केली नाही. व्हॉल्व्हची कडी ओढून काटा शून्यावर येईपर्यंत गॅस सोडला, झाकण उघडलं, आणि भर मंडपात, शेणाने सारवलेल्या अंगणात पिंप आडवं केलं. फेस हळदीच्या पाटापर्यंत गेला. बायका लुगडी सावरत मागे सरल्या. केसरीनाथ शिव्या देत होता, पण जवळ येत नव्हता.

रिकामं झालं तरी पिंप जड होतं. राघोने ते एकट्यानेच फाट्यापर्यंत ओढत नेलं. वाटेत ओळखीची पुष्कळ माणसं उभी होती, त्यातल्या एकानेही हात लावला नाही.