एका कोंबड्याची वाट

माझ्या थोरल्या चुलत भावाने मला फसवलं. कोंबडा घेतला आणि वाट अर्धीच सांगितली. त्या अर्ध्या वाटेवर माझी बायको जवळजवळ गेली होती.

शिरोड्याजवळच्या आमच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्यात खुबे, म्हणजे खायचे शिंपले, मिळतात, पण नुसत्या पायाने उतरलं तर माणूस मांडीपर्यंत रुततो. म्हणून आमच्याकडे जुन्या होडीच्या फळ्या तळपायाला सुंभाने बांधून चालत. बदकासारखं फेंगडं का होईना, वर राहता येतं. मी लहानपणी मिठागरावर मीठ वाहिलं, पुढे स्वतःच्या हिमतीवर दुकान घातलं. खाडीत फिरायला सवड कुठली? लग्न झालं. बायको घाटावरची, तिने भरती-ओहोटी कधी पाहिली नव्हती. फळ्या पाहून तिला हौस आली.

नवख्या माणसाला न्यावं कुठे? उतारापाशी जमीन घट्ट, पण खुबा नाही. कांदळाच्या झाडीत शिरलं तर मुळं पाय फाडतात. खाडीची खरी माहिती त्या चुलत भावाला, दादाला. तो खुंट ठोकून जाळी लावायचा.

"घरवाली येतली माझ्यावांगडा. बरी जागा सांग," मी म्हटलं.

"दोन कोंबडे दी, सांगतंय."

"दोन? गोव्याचो पोर्तुगीज पण इतकी जकात घेणा नाय!"

"मगे तिका दुकानात चालव. थंय चिखल नाय."

घासाघीस करून मी त्याला एकावर आणलं. कोंबडा काखेत मारून तो म्हणाला, "माझ्या खुंटांच्या रांगेन सरळ जा. नवख्याक तीच वाट बरी."

सौदा जिंकला म्हणून मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला फळ्या बांधून खुंटांच्या रांगेने उतरलो. ती हसत पुढे गेली. मग हसू थांबलं.

"अहो, पाय निघत नाही."

एक पाय सोडवायला तिने दुसऱ्यावर भार दिला, तोही गेला. आधाराला मी जवळचा खुंट धरला, तर तो लोण्यातून सुरी यावी तसा हातात आला. तेव्हा मला कळलं. खुंट सहज जातो तिथेच जाळेवाला तो ठोकतो, आणि तिथे माणूसही जातो.

भरती लागली होती. खेकड्यांची बिळं बुडबुडे सोडत भरू लागली. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. ती आणखीच खाली गेली. आत फळीच तिला धरून बसली होती. मी माझ्या फळ्या सोडून चिखलावर ठेवल्या, त्यांवर पालथा पडलो आणि हाताने उकरत गाठीपर्यंत पोचलो. भिजलेलं सुंभ सुटेना. नखं फाटली. पाणी माझ्या हनुवटीला लागलं. ती देवाचा धावा करत होती. कमरेला सुरी होती, हे भीतीने विसरलोच होतो. आठवलं तेव्हा कुठे दोन्ही सुंभं कापली. तिला माझ्या फळ्यांवर आडवं घातलं आणि बेडकासारखा सरपटत, ढकलत काठाला आणलं.

तसाच चिखलाने माखलेला दादाच्या घरासमोरच्या खळ्यात गेलो. कोंबडा पायाला दोरी बांधून खांबाशी उभा होता.

"तू माका मारूक धाडलंस!"

"कोंबडो एक दिलंस, वाट अर्धी मिळाली," दादा म्हणाला. "खुंट सोडून कांदळाच्या अंगान चलायचां, ता दुसऱ्या कोंबड्यात होतां."

खळ्यात बसलेले चौघे पोट धरून हसले. मी धावलो त्याच्या अंगावर. त्यांनीच मला धरलं.

पुढे गोव्यातून पोर्तुगीज गेले, माझं दुकान वाढलं. बायको मात्र अजून भाताच्या खाचरात पाय टाकायच्या आधी काठी टोचून पाहते. तिची काठी आत गेली की मी तिचा दंड धरतो.

दादा आजही खाडीवर खुंट ठोकतो. त्याने देवळात यावं, चार गावकऱ्यांसमोर नारळावर हात ठेवून शपथ घ्यावी. कोंबड्याचं मला काही विचारायचं नाही. खाडीत माझ्यासोबत कोण येणार, हे मी त्याला आधी सांगितलं होतं. मग तो गप्प का राहिला? याचं उत्तर त्याने द्यावं, आणि ते माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून द्यावं.