विचार लख्ख होईपर्यंत

आमच्या शेजारच्या सरांइतक्या उशिरा ‘हो’ म्हणणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही. कॉलेजात त्यांनी जन्मभर युरोपातल्या जुन्या बुद्धिवाद्यांचं तत्त्वज्ञान शिकवलं आणि दुर्दैवाने ते मनावरही घेतलं. माणसाची बुद्धी तोकडी, इच्छा मात्र अफाट. इच्छा बुद्धीच्या पुढे धावली की चूक झालीच समजा, म्हणून विचार लख्ख होईपर्यंत होकार देऊ नये, हा त्यांचा धर्म. रविवारी पोह्यांच्या ठेल्यावर झणझणीत रश्शाचा डाव धरून "तर्री टाकू का?" असं विचारलं की सर डोळे मिटत. ठेलेवाला कळवळून म्हणे, "सर, तुमचं ठरेस्तोवर पोहे थंडे होऊन राहिले ना!" भावनांवर तर त्यांचा भलताच संशय. मॅच जिंकून गल्ली नाचत असे, तेव्हा सर गॅलरीत उभे राहून स्वतःची नाडी बघत.

कॉलेजातल्या इतिहासाच्या बाईंनी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं, "लग्न करायचं का आपण?" सरांनी विचाराला वेळ मागितला. विचार लख्ख झाला तेव्हा बाई लग्न होऊन भोपाळला गेल्या होत्या. सर एकटेच राहिले.

गेल्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. यजमान गेले, आता मुलीकडे चेन्नईला कायमची चाललेय, गाडी नागपूरवरून जाईल. गाडी नागपूरवरून जाणार म्हटल्यावर डबा घेऊन स्टेशनवर जाणं कुणा नागपूरकराला चुकलंय? माझ्या बायकोने सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या आणि रीतीप्रमाणे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरल्या, कारण गाडीत दिलेला डबा परत येत नसतो. सरांनी त्या आपल्या जाड स्टीलच्या डब्यात काढल्या.

"सर, चांगला डबा काहून देऊन राहिले? तो काही वापस नाही येत," मी म्हटलं. त्यांनी झाकण घट्ट लावलं.

बाई गाडीच्या दारातच उभ्या होत्या. सांबारवड्यांचा डबा हातात घेत हसल्या, "काय सर, झाला का विचार?"

"झाला," सर म्हणाले. तेवढ्यात गाडी हलली.

परतताना ते म्हणाले, "बुद्धीनं भावना जात नाही गा. तिच्याहून मोठी भावना आली तरच जाते. पोरांना शिकवलं मी हे. मोठी काही आलीच नाही."

डबा अजून आलेला नाही. परवा मी विचारलं, "बर्डीवर बाजाराला चाललो, तसाच डबा आणू का?"

"नको," सर ताबडतोब म्हणाले, "तो येणार आहे."

डोळेसुद्धा मिटले नाहीत त्यांनी. मला मात्र मिटावे लागले.