सातव्याची होडी

"मूल कितवं ते आधी सांगा, नाव काय, ते तुम्ही उद्याही बदलाल," असं सहावी मावशी एकदा एका बापाला म्हणाली होती. बाप हसला नाही. त्यानं मुलीचं नाव त्याच वर्षी खरोखर बदललं होतं.

आमच्याकडे भावंडांना जन्माच्या क्रमानं हाक मारतात, आणि थोरल्याला दुसरा म्हणतात. पहिला कुणीच नसतो. पहिल्यावर वाईट शक्तींचा डोळा, म्हणून ती जागा रिकामी ठेवायची. मावशी भावंडांत सहावी. लुओम हे तिचं नाव फक्त शाळेच्या पगारपत्रकात होतं. तिच्या पाठचा भाऊ तो सातवा.

आमची शाळा कालव्याकाठी आहे आणि मुलं होडीनं येतात. मी पहिलीचा वर्ग घेतो. दर पाच सप्टेंबरला, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, शिपाई म्हणून फाटकाशी उभं राहायचं सोडून मावशी धक्क्याच्या सगळ्यात खालच्या, शेवाळलेल्या पायरीवर उभी राही आणि आलेल्या प्रत्येकाला हात देऊन वर घेई. मूल, आई, आजी, कुणीही. जिल्ह्याच्या एका साहेबानं तिचा हात नाकारला तेव्हा तो गुडघाभर चिखलात गेला. मावशीनं त्याचा बूट शोधून दिला.

पण स्वतःच्या भावाला तिनं एकोणीस वर्षं हात दिला नव्हता. त्यानं मागितलाही नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वी चांद्र पंचांगात अधिक महिना आला होता, एकापाठोपाठ दोन सातवे महिने. वारलेल्या आईची तिथी सातव्या महिन्याची चतुर्दशी. पूर्वजांचा देव्हारा धाकट्याकडे, म्हणजे सातव्याकडे, म्हणून तिथीही त्याच्याकडे. त्यानं ती दुसऱ्या महिन्यात धरली. रीत पहिल्या महिन्यात धरायची. भरल्या पंगतीत मावशी म्हणाली, "तू महिना चुकलास. आई उपाशी हिंडत होती, शेवटी माझ्या चुलीवर जेवून गेली." सातव्यानं हातातला वाडगा खाली ठेवला. तो पुन्हा तिच्याशी बोलला नाही.

यंदा पुन्हा दोन सातवे महिने आले. आणि यंदाच सातव्याची नात, दिएप, पहिलीत जायची होती.

पहाटे मी शाळेत पोचलो तर स्वयंपाकघरात एक घमेलं भरून चिकट तांदूळ भिजत होता, शेजारी केळीच्या पानांची गुंडाळी. विचारलं तर म्हणाली, उद्याचं आहे. उद्या दुसऱ्या सातव्या महिन्याची चतुर्दशी होती. पहिली चतुर्दशी महिन्यापूर्वी झाली, त्या दिवशी तिची चूल पेटली नव्हती हे साऱ्या आळीनं पाहिलं होतं. तिच्या हट्टाला मी चांगला ओळखून होतो.

होड्या येऊ लागल्या. पांढरे सदरे, कोऱ्या चपला, रडून सुजलेले डोळे. मावशी हात देत होती, कितवं विचारत होती. भाजीच्या होडीवरची म्हातारी आपल्या नातवाला उतरवता उतरवता म्हणाली, "तुझा सातवा नातीसाठी पलीकडच्या शाळेत चौकशी करून आला म्हणे."

"पलीकडे धक्का नाही," मावशी म्हणाली. "पोर पडेल."

माझ्या यादीत तेवीस नावं होती, बावीस मुलं आली. मुख्याध्यापक टिपरू घेऊन शाळा सुरू करायच्या ढोलापाशी उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मावशीची पाठ पाहिली, आणि टिपरू खाली केलं. मावशी पाण्यातच उभी राहिली. ओहोटी लागली होती. एक पायरी आणखी उघडी पडली, तशी ती आणखी एक पायरी खाली उतरली.

वळणावर एका होडीचं इंजिन बंद झालं. होडी वल्ह्यावर हळूहळू आली. पुढे दिएप, चपला हातात घेऊन. मागे सातवा, माझ्या आठवणीपेक्षा पुष्कळ म्हातारा.

"कितवी ग तू?"

"दुसरी."

मावशीनं तिला वर घेतलं आणि हात तसाच पुढे ठेवला. सातव्यानं वल्हं सोडलं नाही. त्याला तिथूनच परत जाता आलं असतं.

"ताई," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आईची तिथी मी गेल्या महिन्यात केली. पहिल्या सातव्यात."

मावशीचा हात हलला नाही. ती म्हणाली, "आणि मी उद्यासाठी तांदूळ भिजत घातलाय. तुझ्या महिन्याचा."

भाजीवाली म्हणाली, "म्हणजे तुमची आई यंदा दोनदा जेवणार. जेवू दे, मागचं राहिलंच होतं तिचं."

"किती भिजवलास?" सातव्यानं विचारलं.

"तुझं घरदार जेवेल एवढा."

त्यानं वल्हं ठेवलं आणि तिचा हात धरला. चढताना त्याचा पाय सटकला; तिनं त्याला असा ओढला की त्याची टोपी पाण्यात गेली. ती कुणी काढली नाही.

ढोल वाजला. तेवीस मुलं कागदी झेंडे धरून आत गेली. मुख्याध्यापकांचं भाषण सुरू झालं. दर वर्षी भाषण संपेपर्यंत मावशी भिंतीशी थांबे, कारण सगळ्या घरच्यांना पुन्हा होडीत उतरवायचं असे. यंदा तिनं घमेलं कमरेवर घेतलं, पानांची गुंडाळी काखेत मारली. सातवा तिच्याआधीच खाली जाऊन, शेवाळलेल्या पायरीवर, हात पुढे करून उभा होता. माझ्या शेजारून जाताना तिच्या घमेल्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं. तिनं वळून पाहिलं नाही. ती फाटकाबाहेर पडून त्याच्या होडीकडे गेली.