तिनं हो म्हटलं नव्हतं

माझी नात घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. तिच्या काळ्या पडद्यावर काय चालतं, ते मी परवा समजावून घेत होतो. आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जायचं, मग बिल्डची कमांड द्यायची, ती नीट पार पडली की रनची. मी बिल्ड टाइप केलं आणि लगेच रन.

"घाई काऊन करून राह्यले, आजोबा? त्याचं उत्तर तं येऊ द्या," ती हसली.

मी उठून बाहेर गेलो. तिला वाटलं, रागावलो.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी कुरखेड्याकडच्या एका धानाच्या गिरणीत इंजिनावर होतो. तिथंही क्रम ठरलेला होता. पाणी, तेल बघायचं आणि हँडल मारून इंजिन सुरू करायचं. पट्टा तेव्हा मोकळ्या चाकावर फिरत असे, म्हणजे यंत्र बंदच राही. मग भिंतीपलीकडे काम करणाऱ्या बायांना हाक द्यायची, "पट्टा टाकू का?" तिकडून "हो" आलं, की पट्टा भरडायच्या यंत्राकडे सरकवायचा.

एका दुपारी यंत्रात भुसा अडकला. मी पट्टा मोकळ्या चाकावर घेतला. बाकीच्या बाया जेवायला गेल्या होत्या. एकटी राहिलेली बाई आत हात घालून भुसा काढू लागली. बाहेर बैलगाड्या खोळंबल्या होत्या.

"जावईबापू, पाट टाकू का बसाले?" मी नुसता उभा बघून एक गाडीवान मला ओरडला. सगळे हसले.

मी हाक न देताच पट्टा सरकवला. तिच्या उजव्या हाताची बोटं गेली.

मालकानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हाक मारली होती. तिनं हो म्हटलं."

"मी नाई म्हटलं, भाऊ," ती खाटेवरून एवढंच बोलली. मालकानं माझं ऐकलं. तिचं काम सुटलं.

काही वर्षांनी ती आठवडी बाजारात दिसली. नवऱ्यानं तळ्यातून धरलेली मासळी सुकवून विकत होती. माझ्यासाठी डाव्या हातानं पुडी बांधता बांधता तिनं विचारलं, "भाऊ, मी खरंच हो म्हटलं होतं का? घरचे म्हणतात, म्हटलं असशीन. मले आता आठवतच नाई."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "म्हटलं होतं, बाई."

"मंग माहीच चूक," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ती आता नाही. तिच्या घरच्यांपर्यंत हे पोचावं म्हणून लिहितो आहे. मी हाक मारली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.