आमच्या व्याह्यांचा धीर

आमच्या व्याह्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि धीर कसा धरावा हे लोकांना त्यांच्याइतकं कोणी शिकवलंही नसेल. पाल चुकचुकली की ते घराबाहेर पडायचे नाहीत. गाडी ओढ्यात उतरली की डोळे मिटून घ्यायचे. अनोळखी माणसाने नाव विचारलं तर आधी वडिलांचं नाव सांगून टाकायचे, म्हणजे काही बालंट आलंच तर ते वडिलांवर जावं. वडील केव्हाच वारले होते. असा हा गृहस्थ रोज संध्याकाळी अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी बसून जमलेल्या मंडळींना सांगायचा, "भेव म्हंजे काय? भेव म्हंजे काईच नाई. मनानं नाई म्हनलं, का मंग नाईच." सांगता सांगता मागे एखादं कुत्रं भुंकलं की वाक्य तिथेच राहायचं. माझी मुलगी सगुणा त्यांच्या घरात दिलेली, त्यामुळे यातलं काही मला त्यांच्या तोंडावर बोलता यायचं नाही. मुलीच्या सासऱ्याला हसायचं असेल तर ते आपल्या घरी, दार लावून.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला पोचेनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी सोन्याचा भाव आला. जन्मात पायात वहाण न घातलेली माणसं करकरणारे जोडे घालून शेतात जाऊ लागली. बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. पैसा आला की त्याच्यामागे हौस येतेच. कोणी पैलवान पाळला, कोणी कुस्तीचे आखाडे बांधले, एकाने तर घोडा घेतला आणि बसता येईना म्हणून तो दारात नुसता बांधून ठेवला. आमच्या व्याह्यांनी पळणारा पाळला. तो बाहेरून आणावाही लागला नाही. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझा जावई तुळशीराम, अबोल, लांब पायांचा, शेतात शिरलेल्या सांडापाठी धावून त्याला दमवणारा. व्याह्यांनी एकदा ते पाहिलं आणि तेव्हापासून तुळशीरामाचं सुख संपलं.

व्याही स्वतः कधी चार पावलंही पळाले नव्हते; पळताना माणूस पडतो अशी त्यांना खात्री होती. पण पळण्याचं शास्त्र त्यांच्याकडे तयार होतं. "इवाई," ते मला म्हणायचे, "पाय त् बकरीलेबी असते. शर्यत डोक्शानं पळा लागते." म्हणून ते तुळशीरामाला सकाळी नदीकाठी डोळे मिटून बसवायचे. मनातल्या मनात सगळी शर्यत पळून पाहायची, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, न अडखळता. पोरगा एकटा चुकेल म्हणून स्वतःही शेजारी डोळे मिटून बसायचे. एकदा मी अकोल्याला गेलो असताना हा प्रकार पाहिला. बाप-लेक दोघे समाधी लावून बसलेले. थोड्या वेळाने व्याह्यांचा चेहरा आंबट झाला, कपाळाला घाम आला, आणि ते एकदम ओरडले, "पडला! पडला रे पोट्टा!" तुळशीरामाने डोळे उघडले, तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, मी कुठी पडलो? मी त् अठीच बसून हावो." तरी व्याही बराच वेळ त्याचे गुडघे चाचपून पाहत होते.

मग कळलं की मोठ्या शर्यतीत साहेब पिस्तुलाचा बार काढून पळायची खूण करतो. पोराला आवाजाची सवय हवी, म्हणून व्याह्यांनी लग्नातले उरलेले फटाके काढले. पोराने रेघेवर उभं राहायचं, मागे यांनी फटाका लावायचा, असं ठरलं. पहिल्याच बाराला तुळशीराम बाणासारखा सुटला, आणि पन्नासेक पावलांवर त्याच्या लक्षात आलं की मागे काहीतरी धप्पकन पडलं. व्याही गुरांच्या हौदात बसले होते, गळ्यापर्यंत पाण्यात, हातात विझलेली वात धरून. पोराने शर्यत सोडून बापाला हौदातून काढलं, घरी आणून अंग पुसलं आणि दूध पाजलं. असे फटाके पुढे कितीतरी दिवस चालले. हौद सगुणा आधीच रिकामा करून ठेवायची.

सर्वांत बहार झाली ती शिव्यांची तालीम. परक्या गावात लोक हिणवतील, त्याने पोराचं मन ढळू नये, म्हणून व्याह्यांनी कापूस वेचणाऱ्या बायांना मजुरी देऊन बांधावर उभं केलं. पोरगा पळेल, तुम्ही त्याला घालूनपाडून बोला. बायांनी खरोखर प्रयत्न केला. पण तुळशीरामाला बोलावं असं काही कोणाला सापडेना. तो कोणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "अवो, याले काय बोला? याच्या बापाले बोला ना!" झालं. बायांना कंठ फुटला. हौद, पाल, ओढा, कुत्रं, सगळं बांधावरून निघालं, आणि घेतलेल्या मजुरीच्या दुप्पट काम करून त्या घरी गेल्या. व्याही दोन दिवस जेवले नाहीत. तुळशीराम ताट घेऊन त्यांच्या उशाशी बसून होता. सगुणा माहेरी आली तेव्हा मला म्हणाली, "बाबा, आमच्या घरी शर्यत आली का मामाजी बिमार पडते, आन् हे त्याइची चाकरी करते. स्वतःले भ्याले याइले येळच कुठी भेटते?" मी हसलो. पोरीच्या बोलण्यात काही आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

लहानसहान शर्यती तुळशीराम जिंकत गेला आणि व्याह्यांचं शास्त्र फुगत गेलं. अशात आमच्या अमरावतीचा एक बडा अडत्या अकोल्याला पंगतीला बसला असताना म्हणाला, "अकोल्याचे पोट्टे पयताना पाह्यले म्या. वाढप्यामांगं." चार लोकांत बसलं की व्याह्यांना धीर यायचा. त्यांनी तिथेच पागोट्याला हात घातला. "माह्या पोट्टा तुमच्या बजारात येऊन पयते. हारला त् हे पागोटं तुमच्या पायावर." पंगतीने वाहवा केली. घरी आल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि भर उन्हाळ्यात ते तीन गोधड्या घेऊन निजले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मंडळी माझ्याकडे अमरावतीला उतरली. सोबत अकोल्याचे पाच-सहा व्यापारी होते. गावाची इज्जत सांभाळायला आलो असं ते म्हणत, पण प्रत्येकाने आपापली पैज आधीच लावून ठेवलेली. सकाळी व्याह्यांची अवस्था पाहवत नव्हती. पागोटं बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे, आणि मधूनच पोराला सांगायचे, "तू भेऊ नोको हं." तुळशीराम त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. व्यापाऱ्यांनी आपसात ठरवलं की हा बाप पोराला बिघडवणार. शर्यत दुपारनंतर आहे असं सांगून त्यांनी व्याह्यांना माझ्या मागच्या खोलीत निजवलं, बाहेरून कडी घातली, आणि तुळशीरामाला पुढे घालून मैदानावर नेलं. कडीचं मला तिथे पोचल्यावर कळलं.

बाजाराचं मैदान माणसांनी फुललं होतं. कापसाच्या गाड्यांवर माणसं, गाठींवर माणसं, चिंचेवर माणसं. अमरावतीच्या बाजूने कादर पळणार होता, पिंजाऱ्याचा मुलगा, काटक, हसऱ्या तोंडाचा. तो कोणाशी तरी गप्पा मारत उभा होता. आणि माझा जावई रेघेवर असा उभा होता की मला ओळखू येईना. ओठ पांढरे, पाय लटलटत. मला पाहून त्याने माझा हातच धरला.

"मामाजी, बाबा कुठी हायेत?"

"घरी निजले. आज तुले त्याइचा तरास नाई."

"तरास?" तो म्हणाला. "मामाजी, बाबा भेते म्हनून मी नाई भेत. त्याइले धीर देता देता शर्यत होऊन जाते. आज मले कोनाले धीर द्याचा हाये?"

पिस्तूल भरून झालं होतं. साहेबाने हात वर केला, इतक्यात गर्दीच्या मागून आरडाओरडा ऐकू आला. माझ्या खोलीची खिडकी इतकी लहान होती की तिच्यातून मांजर निघेल तर निघेल, पण आमचे व्याही निघाले होते. पागोटं बगलेत, धोतर हातात, गाड्यांच्या मधून, बैलांच्या शिंगांखालून ते पळत येत होते. जन्मात पहिल्यांदा. "थांबा! पोट्टा एकटा हाये!" ते रेघेपर्यंत पोचले, साहेबाच्या हातातलं पिस्तूल त्यांना दिसलं, आणि तिथेच त्यांनी अंग टाकलं.

सगळं मैदान हसलं. तुळशीराम मात्र रेघ सोडून धावला. बापाचं डोकं मांडीवर घेतलं, कोणाच्या तरी मडक्यातलं पाणी तोंडावर मारलं, उपरण्याने वारा घातला. "बाबा, काई नाई होत. मी हावो ना." बोलता बोलता त्याचे पाय लटलटायचे थांबले, तोंडावर रंग आला. साहेब चिडून काहीतरी बोलला. तुळशीरामाने शुद्धीवर आलेल्या व्याह्यांना माझ्या हवाली केलं, रेघेवर जाऊन उभा राहिला, आणि बार झाला.

तो त्या दिवशी जसा पळाला तसा पूर्वी कधी पळाला नव्हता. व्याह्यांनी माझा दंड असा आवळला होता की वळ उठले, पण डोळे उघडे होते. पोराची शर्यत ते पहिल्यांदाच डोळे उघडून पाहत होते. अर्ध्या मैदानापर्यंत दोघे जोडीने होते. मग कादर हातभर पुढे गेला आणि शेवटपर्यंत हातभर पुढेच राहिला. त्यात कोणाची चूक नव्हती. कादर जास्त चांगला पळाला, एवढंच. मनाची तयारी कशी केलीस म्हणून मी त्याला पुढे एकदा विचारलं, तर म्हणाला, "तयारी कायची चाचा? चने खाये, आलो."

अकोल्याचे व्यापारी मिळेल त्या गाडीने पसार झाले. अडत्या गाठीवर पाय सोडून बसला होता. लोकांनी वाट करून दिली. भित्र्या म्हाताऱ्याची गंमत पाहायची होती सगळ्यांना. मला वाटलं, हे आता पुन्हा कोसळणार, किंवा पळ काढणार. व्याह्यांनी माझा दंड सोडला, बगलेतलं पागोटं काढलं, त्याची सुटलेली घडी नीट बसवली, सरळ चालत गेले आणि ते अडत्याच्या पायाशी ठेवलं. हात एवढासुद्धा हलला नाही. "तुमचा पोट्टा चांगला पयला," ते म्हणाले, आणि वळले. अडत्याने पाय वर ओढून घेतले. हसणं कुठल्या कुठे गेलं.

तुळशीराम लहान मुलासारखा रडत होता. व्याह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "रडतो काहून? पागोटंच गेलं ना? डोक्सं हाये अजून."

लगेच निघायचं म्हणाले. मी दुसरं पागोटं पुढे केलं, ते घेतलं नाही. ऊन रणरणत होतं. तुळशीराम गाडीत बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेला, आणि व्याही उघड्या बोडक्याने उन्हात बसून दोन्ही तळव्यांनी त्याच्या तोंडावर सावली धरून राहिले. गाडी बडनेऱ्याच्या वाटेला लागली. पहिल्या खड्ड्याला त्यांचा आवाज आला, "अबे हळू! उलथवतो का काय आमाले!" मी नेहमीसारखा हसायला लागलो, पण ते हसू पुढे सरकेना. धुळीत गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते दोन तळवे तसेच होते.