मामाने हेड उघडलं

माझा मामा जुन्या गाड्यांचा मेकॅनिक. तोंडाने फटकळ, हाताने जादूगार. चाळीस वर्षांत त्याने स्वतःची चूक कबूल केलेली कुणी ऐकली नव्हती, कारण त्याच्या मते ती कधी झालीच नव्हती.

डॉक्टरबाईंची गाडी त्याची विशेष लाडकी. बाईंच्या वडिलांची ती आठवण. इंजिन तापायला लागलं म्हणून मामाने त्याच्यावरचं जड झाकण, म्हणजे हेड, उतरवून पालथं केलं. मी त्याचा डबा घेऊन तिथेच उभी होते.

आतल्या पाण्याच्या वाटा पार सडल्या होत्या. मामाने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो आरपार गेला. "अगं बाई!" मी ओरडलेच. असलं हेड आता कुठे मिळत नाही. हे वाचलं नाही तर गाडी भंगारात.

मामाला एक घाणेरडी सवय आहे, काहीही चाखून बघायची. आतला पांढरा थर त्याने नखाने खरवडून जिभेला लावला. थुंकला. मग गॅरेजमागच्या बोअरवेलच्या नळाखाली ओंजळ धरली, तेही पाणी चाखलं आणि तिथेच मटकन बसला.

"खारट," तो म्हणाला. "हेच पाणी गं, हेच."

त्या पाण्याने चहा नासतो, म्हणून ह्याला प्यायला पाणी घरून लागायचं. आणि बाई रविवारी हवापाणी बघायला आल्या की हाच माणूस रेडिएटरमध्ये त्याच नळाचं पाणी ओतायचा, प्रेमाने, फुकट! इंजिन थंड ठेवायला विकत मिळणारं कूलंट म्हणजे शुद्ध लूट, असं वर भाषण. एवढा हुशार माणूस, आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडू नये?

पंधरा दिवस त्याने जीव ओतला. सडकं कापून काढलं, हेड तापवून वेल्डिंगचे थर चढवले, मशीनवर सपाट करून घेतलं. मग हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवलं. एक बुडबुडा आला नाही.

"आता गप्प बस," मी बजावलं. "हेड वाचलंय."

पण बाई आल्या आणि ह्याने सगळं सांगून टाकलं. "माझ्याच हाताने सडवलं, बाई."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, आता गाडीवरून चिडतील.

"आणि माझ्या भावाची?" त्यांनी विचारलं. "तिच्यातही तुम्हीच पाणी भरायचात ना?"

वडिलांची दुसरी गाडी भावाकडे होती. गेल्या वर्षी तिचं इंजिन असंच गेलं आणि ती भंगारात निघाली. तेव्हा मामा चारचौघांत म्हणाला होता, "ह्याला गाडी सांभाळायची अक्कल नाही." बाईंनी ते खरं मानलं आणि भावाशी अबोला धरला.

हे मामालाही आत्ता, आमच्यासमोर कळत होतं.

बाईंनी भावाचा नंबर लावला आणि फोन मामाच्या हातात दिला. "आधी तुम्ही बोला," त्या म्हणाल्या. "माझी हिंमत नाही."