अठरा डिग्रीची खोली

अजून सगळं आठवतं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, जळगावचं ऊन, आणि आम्ही बापलेकी कूलरसमोर बसून केळीच्या थंडाव्याची आखणी करतोय!

आबांनी केळी पिकवायची नवीन खोली बांधली होती. तिच्यासाठी मी यंत्र बनवणार होते: उष्णता मोजणारे सेन्सर, त्यांचे आकडे टिपून ठेवणारा छोटा बोर्ड, आणि कॉम्प्युटरवर सरकत जाणारी रेघ. केळीला अठरा डिग्री लागतात, म्हणून पडद्यावर अठराला लाल खूण केली. रेघ तिच्या वर गेली की कॉम्प्युटर ओरडणार. आबा जाम खूश. म्हणाले, "एक सेन्सर कोपऱ्यात लाव. तिथला घड आधी काळा पडतो."

चाचणीला गरम जागा हवी, म्हणून एक सेन्सर लांब वायरीने स्वयंपाकघरात सोडला. आत आई खापरावर पुरणपोळ्या करत होती. पालथं घातलेलं मोठं खापर, खाली गॅसचा जाळ. पंखा बंद, दारही लावलेलं, कारण वाऱ्याने जाळ हलला की पोळी एका अंगाने कच्ची राहते. आमच्याकडे आखाजीला हे असंच चालतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

रेघ चढत गेली. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. एकोणपन्नास.

"काहीतरीच काय!" मी वैतागले. प्रोग्रॅम पुन्हा तपासला, तो ठीक होता.

"तुन्हा डबा येडा शे," आबा म्हणाले. कॉम्प्युटर आपला ओरडतोच आहे.

मेला सेन्सरच खराब निघाला, असं बडबडत मी दुसरा घेऊन दार उघडलं.

आई ओट्याला टेकून खाली बसली होती. हातांवर अर्धी पसरलेली पोळी कोपरापर्यंत लोंबत होती. तोंड लालबुंद, अंगावर घामाचा टिपूस नाही. मी किंचाळले, "आई!" तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "तू कोन्ही पोर शे वं?"

देवा रे! जिने मला जन्म दिला ती मला विचारत होती, तू कोणाची! आबांनी गॅस बंद केला, मी तिच्यावर घागर ओतली, ओल्या चादरीत गुंडाळून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वाटेत मी सारखी माझं नाव सांगत होते आणि ती परक्या बाईसारखी ऐकत होती.

संध्याकाळी सलाईन लावलेल्या हाताने तिने माझी वेणी ओढली. "जेवली का वं?" मी हमसून हमसून रडले. मग बोलता बोलता सगळं सांगितलं, सेन्सरचं, रेघेचं, ओरडणाऱ्या कॉम्प्युटरचं.

तिने नीट ऐकून घेतलं. "केळीसले अठरा?"

"हो."

"आन् मन्हा चुल्हापाशी?"

मी आकडा सांगितला. आई आबांकडे वळली.

"मंग माले बी केळीसपाशीच ठेवा."

आबा हसायला गेले, पण त्यांना हसताच आलं नाही.